पाण्याचा ताळेबंद आणि पिकांचं गणित

हजार हेक्टर शिवाराचं एक गाव धरू. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. हिशेबासाठी ६५० घेऊ. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १० हजार लिटर पाणी. या हिशेबाने त्या शिवारात वर्षभरात ६५ लाख घनमीटर पाणी उतरतं. आता गावाची तहान मोजू. लोकसंख्या दोन हजार आणि माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर पाणी लागतं. पडणाऱ्या पावसाचा हा शंभरावा हिस्साही नाही. तरीही २०१२-१३ सारख्या वर्षी याच जिल्ह्यातली माणसं हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभी होती.

इतकं पाणी पडतं, तर ते जातं कुठे? आणि जे हाताशी राहतं ते कोणत्या पिकाला, किती द्यावं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या गणिताला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. दुसऱ्याचं उत्तर शोधणारं गणित म्हणजे इष्टतमीकरण, संगणकवाल्यांच्या भाषेत ऑप्टिमायझेशन. ही दोन्ही गणितं आज मराठवाड्याच्या शेतीपर्यंत येऊन पोहोचली आहेत. ती काय सांगू शकतात आणि कोणता निर्णय माणसांवरच सोडतात, हे एका गावाच्या हिशेबातून नीट कळतं.

रोजचा जमाखर्च

जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. गावोगावी तो ‘पोकरा’ या नावाने ओळखला जातो. मराठवाडा-विदर्भातली दुष्काळी गावं आणि पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा मिळून पाच हजारांहून अधिक गावं त्यात घेण्यात आली. जालना जिल्हा त्यातलाच. या गावांत कुठे बांधबंदिस्ती करायची, कुठे शेततळं द्यायचं, कुठे नाला खोल करायचा, हे ठरवण्यासाठी प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता. त्यासाठीचं गणित आयआयटी मुंबईच्या चमूने तयार केलं. त्या कामामागे प्रा. मिलिंद सोहोनी आणि १९८५ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी स्थापन झालेलं ‘सितारा’ हे केंद्र होतं. सोहोनी मूळचे अमूर्त गणिताचे अभ्यासक. कोणते प्रश्न संगणकालाही मुळातच अवघड असतात, या विषयावरचं त्यांचं संशोधन जगभर ओळखलं जातं. तोच अभ्यासक विहिरी, ओढे आणि मातीच्या खोलीच्या हिशेबात उतरला, ही आपल्याकडच्या विज्ञानाच्या वाटचालीतली मोलाची गोष्ट आहे.

या प्रतिमानाची कल्पना साधी आहे. शिवाराच्या नकाशावर ठरावीक अंतरावर बिंदू घ्यायचे. प्रत्येक बिंदूवर माती कोणती, किती खोल, उतार किती आणि पीक कोणतं, याची नोंद करायची. मग जूनपासून रोजचा पाऊस त्या बिंदूवर जमा करायचा आणि रोजचा खर्च मांडायचा. काही पाणी वाहून जातं. जलसंधारणाच्या कामात त्याला अपधाव म्हणतात. उरलेलं मातीत मुरतं. त्यातून पीक रोज आपला वाटा उचलतं आणि ऊन-वारा आपला. माती भरली की जास्तीचं पाणी खाली झिरपून भूजलाला मिळतं. माती कोरडी पडली की पिकाला हवं तेवढं पाणी मिळत नाही. ही तूट तारखेसह नोंदवली जाते. असे सगळे बिंदू एकत्र केले की गावाचा ताळेबंद तयार होतो: किती वाहून गेलं, किती मुरलं, पिकाला कधी आणि किती कमी पडलं.

पन्नास मिलिमीटरचे दोन पाऊस

यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी अपधावाची. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात त्यासाठी एक पद्धत बसवली. ‘कर्व्ह नंबर’ या नावाने ती आजही जगभर वापरली जाते. माती, उतार आणि पीक पाहून जमिनीला शंभरपैकी एक अंक द्यायचा. अंक जितका मोठा, तितकं पाणी जास्त वाहतं.

पिकाखालच्या एका भारी काळ्या जमिनीला ८० हा अंक दिला असं समजू. २५,४०० ला ८० ने भागायचं आणि त्यातून २५४ वजा करायचे. उत्तर येतं ६३.५ मिलिमीटर, ही त्या जमिनीची पाणी धरून ठेवण्याची ताकद. तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे १२.७ मिलिमीटर, पाणी वाहायला लागण्याआधीच जिरतो. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यातून १२.७ वजा जाऊन ३७.३ उरतात. या आकड्याचा वर्ग करायचा आणि पाऊस अधिक धारणशक्तीचे चार पंचमांश, म्हणजे १००.८, याने भागायचं. उत्तर १३.८ मिलिमीटर. एका हेक्टरवरून १ लाख ३८ हजार लिटर पाणी बांध ओलांडून गेलं.

आता तेच ५० मिलिमीटर २५-२५ करून दोन दिवसांत, मध्ये चांगली उघडीप देऊन पडले तर? त्याच सूत्राने प्रत्येक दिवशी जेमतेम २ मिलिमीटर वाहतात, दोन्ही मिळून ४. पाऊस तेवढाच, जमीन तीच, पण एका दिवसात कोसळला तर वाहून जाणारं पाणी तिपटीहून जास्त. तालुक्याची पावसाची टक्केवारी ‘सरासरीइतकी’ असूनही पीक हातचं जातं ते यामुळेच. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला आणि मग वीस दिवसांचा खंड पडला, तर टक्केवारीत ते दिसत नाही, रोजच्या ताळेबंदात दिसतं.

मातीची खोलीही तितकीच बोलकी आहे. नाल्याकाठच्या खोल काळ्या जमिनीत पिकाला उचलता येईल असं दीडशे मिलिमीटरपर्यंत पाणी राहू शकतं. माथ्यावरच्या मुरमाड, फूटभर खोलीच्या जमिनीत चाळीस मिलिमीटर राहिलं तरी खूप. फुलोऱ्यातलं सोयाबीन रोज चार-पाच मिलिमीटर पाणी पितं. म्हणजे माथ्यावरचं पीक आठ-दहा दिवसांत सुकायला लागतं, तर पायथ्याचं महिनाभर तग धरतं. खंड वीस दिवसांचा असेल, तर एकाच गावात, एकाच पावसात एकाचं पीक बुडतं आणि दुसऱ्याचं तरतं. गावाची सरासरी काढली की माथ्यावरचा शेतकरी त्या आकड्यात दिसेनासा होतो. प्रतिमान बिंदूबिंदूंनी मांडायचं कारण हेच.

अर्थात हा हिशेब जमिनीवर जितका भरवशाचा, तितका जमिनीखाली नाही. मराठवाड्याच्या पोटात बेसॉल्टचे थर आहेत. पाणी त्या खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठतं, म्हणून दोन शेजारच्या विहिरींपैकी एकीला भरपूर पाणी आणि दुसरी कोरडी, हे इथल्या माणसाला नवं नाही. शिवाय पाऊस मोजला जातो महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर, आणि पडतो शिवारावर. त्यामुळे ‘भूजलात इतके घनमीटर भर पडली’ या आकड्याला दोन्ही बाजूंनी मोकळीक ठेवूनच वाचावं लागतं. त्याची पडताळणी गावातच होऊ शकते. पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडावर ठरलेल्या विहिरींची पातळी टेपने मोजायची आणि प्रतिमानाच्या अंदाजाशेजारी लिहायची. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी गावाच्या ताळेबंदाला जो भरवसा देतात, तो मुंबईतला कोणताही संगणक देऊ शकत नाही.

कांदा की हरभरा

समजा, पावसाळा संपला आणि रब्बीसाठी गावाच्या एका भागात ३ लाख घनमीटर पाणी उपलब्ध आहे असं ठरलं. ओलिताखाली येईल अशी जमीन १०० हेक्टर. पिकं दोनच घेऊ. हरभऱ्याला हेक्टरी २ हजार घनमीटर पाणी लागतं आणि ३० हजार रुपये हाती राहतात. कांद्याला ६ हजार घनमीटर लागतं आणि ७० हजार राहतात. हे आकडे समजण्यासाठी गोल केलेले आहेत.

हेक्टरी पैसा पाहिला, तर कांदा सरस. पण सगळं पाणी कांद्याला दिलं तर ५० हेक्टरच भिजतात, कमाई ३५ लाख, आणि अर्धी जमीन पडीक. सगळीकडे हरभरा केला तर कमाई ३० लाख, आणि लाखभर घनमीटर पाणी शिल्लक. दोन्हींच्या मधला मार्ग गणित अचूक सांगतं: ७५ हेक्टर हरभरा, २५ हेक्टर कांदा. हरभऱ्याला दीड लाख घनमीटर, कांद्याला दीड लाख. जमीन पूर्ण, पाणी पूर्ण, कमाई ४० लाख.

अशा गणिताला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. काय वाढवायचं ते उद्दिष्ट एका ओळीत लिहायचं आणि कशाची मर्यादा आहे ते बाकीच्या ओळींत. सोव्हिएत रशियात लिओनिद कांटोरोविच यांनी १९३९ साली प्लायवूडच्या कारखान्यातल्या प्रश्नावरून या विचाराची पायाभरणी केली, तर १९४७ साली अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी ‘सिम्प्लेक्स’ ही पद्धत दिली. मर्यादांच्या रेषा कागदावर आखल्या की मधोमध एक बहुभुज आकृती तयार होते, आणि सर्वोत्तम उत्तर तिच्या कुठल्या तरी कोपऱ्यावर सापडतं. सिम्प्लेक्स एका कोपऱ्यावरून दुसऱ्या, अधिक चांगल्या कोपऱ्यावर सरकत जाते. आपल्या उदाहरणात कोपरे मोजून चार. पण पिकं वीस, मातीचे प्रकार सहा, पाण्याच्या पाळ्या दहा आणि गावं शंभर झाली, की कोपऱ्यांची संख्या मोजण्याच्या पलीकडे जाते. १९८४ साली या कोंडीतून एक वेगळा रस्ता निघाला. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले, आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर तेव्हा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करत होते. काठाकाठाने कोपरे धुंडाळण्याऐवजी आकृतीच्या आतून थेट उत्तराच्या दिशेने जायची पद्धत त्यांनी मांडली. प्रश्न कितीही वाईट असला तरी वेळ आवाक्यात राहील, याची त्या पद्धतीत हमी होती, आणि ती प्रत्यक्ष वापरण्याजोगीही होती. विमानांच्या वेळापत्रकांपासून वीजपुरवठ्यापर्यंत आज चालणाऱ्या अनेक गणितांत त्या विचाराचा वंश आहे.

जालन्याला हे गणित शेतीपुरतंच लागतं असं नाही. हे शहर लोखंडी सळ्यांसाठी देशभर ओळखलं जातं. इथल्या इंडक्शन भट्टीत भंगार किती आणि स्पंज आयर्न किती घालायचं, हा प्रश्न याच जातीचा आहे: कार्बन, गंधक, फॉस्फरस यांची मर्यादा सांभाळायची, वीज कमी जाळायची, आणि टनामागचा खर्च खाली ठेवायचा. फरक एवढाच की भट्टीचा मालक एक असतो आणि गावाच्या पाण्याचे मालक अनेक. पुढची सगळी गुंतागुंत या फरकातूनच येते.

पाण्याची छाया किंमत

आपल्या उदाहरणात आणखी ४ हजार घनमीटर पाणी मिळालं तर काय होईल? एक हेक्टर हरभऱ्याऐवजी कांदा लावता येईल, आणि कमाई ४० हजारांनी वाढेल. म्हणजे एका घनमीटरमागे १० रुपये. बाजारात कुणी या दराने पाणी विकत नाही. तरी पाण्याचा एक जादा घनमीटर गावाला त्या क्षणी किती मोलाचा आहे, हे हा आकडा सांगतो. अर्थशास्त्रात याला छाया किंमत म्हणतात.

ही किंमत परिस्थितीनुसार बदलते. पाणी २ लाख घनमीटरच्या खाली गेलं, तर १०० हेक्टर हरभराही भिजत नाही. मग प्रत्येक जादा घनमीटर हरभऱ्यालाच जातो आणि त्याची किंमत १५ रुपये होते. दुष्काळात पाणी महाग होतं हे सगळेच जाणतात. गणित ते किती महाग होतं आणि कोणत्या टप्प्यावर, ते दाखवतं.

हा आकडा हाती आला की शेततळ्याकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं. तोंडाशी ३० मीटर बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराच्या काठांचं शेततळं घेऊ. त्याचा तळ २४ बाय २४ मीटरचा. त्यात २,१९६ घनमीटर पाणी मावतं. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर शंभर दिवसांत पातळी ८० सेंटिमीटर खाली जाते आणि सुमारे ६८० घनमीटर पाणी हवेत उडून जातं. साठ्याच्या जवळजवळ तीस टक्के. दहा रुपयांच्या छाया किमतीने ते ६,८०० रुपये होतात, पंधराच्या दराने दहा हजारांवर.

आता खरा प्रश्न. तळं ओढ्याने वाहून जाणारं पाणी अडवून भरलं असेल, तर ते ६८० घनमीटर गमावूनही गाव फायद्यात आहे. नाहीतर सगळंच पाणी दुधना नदीला, पुढे गोदावरीला गेलं असतं. पण महाराष्ट्रात बरीच प्लास्टिक अस्तराची तळी विहिरी आणि बोअरच्या पाण्याने भरली जातात, हे अभ्यासकांनी वेळोवेळी दाखवून दिलं आहे. तिथे गाव तोट्यात जातं. खडकाच्या भेगांत, सावलीत, सगळ्यांच्या वाट्याचं असलेलं पाणी एकाने उपसून उन्हात मांडलं आणि त्याचा तिसरा हिस्सा उडून गेला. उपसणाऱ्याची मात्र चूक म्हणता येत नाही. त्याच्या मोसंबीला मे महिन्यात पाणी हवं आहे, आणि त्याने नाही उपसलं तर शेजारी उपसणार. प्रत्येकाचं स्वतःपुरतं सर्वोत्तम उत्तर आणि सगळ्या गावाचं सर्वोत्तम उत्तर ही दोन वेगळी उत्तरं आहेत. गणितात हे दोन वेगळ्या उद्दिष्टांचे प्रश्न मानले जातात. गावात ते भांडणाचं मूळ होतं.

जिल्ह्यातल्याच कडवंचीचं नाव इथे आदराने घ्यायला हवं. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र चालवणाऱ्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या पुढाकाराने, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं झाली. आज तिथे शेकडो शेततळी आणि द्राक्षबागा आहेत, आणि दुष्काळात त्या बागा कशा टिकल्या हे पाहायला राज्यभरातून शेतकरी जातात. आधी पाणी मुरवलं, मग साठवलं, हा क्रम तिथे पाळला गेला. फक्त तळ्यांची संख्या पाहून कडवंचीची नक्कल करणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच बाब सुटते.

उद्दिष्ट कुणी लिहायचं

परत कांदा-हरभऱ्याकडे. एखाद्या वर्षी कांद्याला भाव चढला आणि हेक्टरी १ लाख रुपये हाती राहतील असं दिसलं. गणित लगेच उत्तर बदलतं: सगळं पाणी कांद्याला द्या, ५० हेक्टर लावा, ५० हेक्टर पडीक ठेवा, गावाची कमाई ५० लाख. जुन्या वाटणीने, ७५ हेक्टर हरभरा आणि २५ हेक्टर कांदा लावला, तर ४७ लाख ५० हजार.

पडीक राहणारे ५० हेक्टर कुणाचे? बहुतेक वेळा ते माथ्यावरचे, उथळ विहिरींचे, कोरडवाहू शेतकऱ्यांचे असतात. गावाची एकूण कमाई वाढली, त्यांची शून्य झाली. उद्दिष्टाच्या ओळीत ‘एकूण कमाई जास्तीत जास्त’ एवढंच लिहिलं असेल, तर गणिताला यात काही वावगं दिसत नाही. त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहिली, की ‘एकही शेत पाण्यावाचून पडीक राहू नये’, तर उत्तर पुन्हा ७५ आणि २५ वर येतं आणि कमाई अडीच लाखांनी कमी होते. या गावापुरती, या वर्षापुरती समन्यायाची किंमत अडीच लाख रुपये आहे. शिवाय कांद्याचा भाव कोसळला तर बसणारा फटका अर्ध्यावर येतो, हे वेगळंच.

गणिताचं खरं मोल मला इथे दिसतं. ‘सगळ्यांना पाणी मिळालं पाहिजे’ आणि ‘असं केलं तर गाव भिकेला लागेल’ ही दोन वाक्यं ग्रामसभेत वर्षानुवर्षं एकमेकांवर आदळत असतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं ठरतं. अडीच लाख हा आकडा मध्ये ठेवला की वाद बदलतो. ही किंमत द्यायची का, कुणी द्यायची, कांदा लावणाऱ्या पंचवीस हेक्टरवाल्यांनी बाकीच्यांसाठी काय करायचं, असे बोलता येण्याजोगे प्रश्न पुढे येतात. गणित निर्णय घेत नाही. निर्णयाची किंमत उघड्यावर आणतं. आणि उघड्यावर आलेली किंमत दडपून टाकणं गावातल्या बलवानालाही सोपं राहत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हा रस्ता संगणकाविना चालून दाखवला आहे. पाऊस मोजायचा, पाण्याचा अंदाज ग्रामसभेत मांडायचा, पिण्याचं पाणी आधी राखून ठेवायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. उसासारख्या पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरना आवर घालायचा. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली तिथे पाळल्या गेलेल्या या नियमांना गणिताच्या भाषेत मर्यादाच म्हणतात. त्या मर्यादा गावाने स्वतः लिहिल्या, म्हणून टिकल्या. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमातही अधिसूचित क्षेत्रांसाठी भूजल वापराच्या आणि पिकांच्या आराखड्याची तरतूद आहे. पण कायद्यातली ओळ आणि गावाने मानलेली ओळ यांच्यातलं अंतर कोणतंही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही.

म्हणून पाण्याचा ताळेबंद घेऊन कुणी अधिकारी किंवा संशोधक गावात आला, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. पाऊस कोणत्या केंद्रावरचा धरला? माथ्याची आणि पायथ्याची माती वेगळी मोजली का? अंदाज किती वर-खाली होऊ शकतो? आणि शेवटी, उद्दिष्टाच्या ओळीत काय लिहिलं आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं त्याने द्यायची आहेत. चौथ्या प्रश्नातली ओळ लिहिण्याचा अधिकार गावाचा आहे, आणि ती रब्बीची पेरणी सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर लिहिली गेली पाहिजे.